मतलई वारा असताना खिडकी बंद

पत्र

ताई, आम्ही अकरा वर्षं चेंबूरला राहतो. सहाव्या मजल्यावर वन बीएचके, अजून नऊ वर्षांचे हप्ते बाकी. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. गेली तीन वर्षं दसरा झाला की त्याचा खोकला सुरू होतो आणि होळीपर्यंत पाठ सोडत नाही. रात्री दोनच्या सुमारास उठून बसतो, छातीतून शिट्टी वाजते. पावसाळ्यात मात्र एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत. पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, म्हणून खोकला थांबला की मी ते बंद करते. त्याला शुद्ध हवा मिळावी म्हणून त्या रोज पहाटे सहाला त्याला बागेत नेतात, तिन्हीसांजेला घरात धूप घालतात. मी काही बोलले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. शेजारच्या दोन सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे, खिडकीच्या ग्रिलवर रोज धुळीचा थर असतो. नवरा म्हणतो, "अख्खं चेंबूर राहतंय ना इथे? मी इथेच वाढलो, तेव्हा याहून वाईट होतं." मला वाटतं घर विकून डोंबिवलीला नाहीतर पनवेलला जावं. निदान प्युरिफायर तरी घ्यावा का? आणि मुलाला क्रिकेटला जायचंय, सकाळी साडेसहाची बॅच आहे. पाठवू का?
— एक आई, चेंबूर

उत्तर

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले: "पावसाळ्यात मात्र एकदम ठणठणीत." घर तेच, गाद्या त्याच, शाळा तीच, आजीही तीच. बदलते ती फक्त हवा. तुम्ही हे तीन वर्षं बघताय म्हणजे निम्मं निदान तुमचं तुम्हीच केलंय. तेव्हा "माझ्या मनाचे खेळ तर नाहीत ना" असं कधी वाटलं असेल, तर ते आधी काढून टाका.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. म्हणून तुमच्या मुलाच्या छातीबद्दल बोलण्याआधी वाऱ्याबद्दल बोलते, कारण तुमच्या घरातल्या अर्ध्या भांडणांचं उत्तर तिथे आहे.

खारे वारे आणि मतलई वारे तुम्हीही शाळेत शिकला असाल. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन समुद्राच्या आधी गार होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई. परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न असायचा आणि आकृती काढली की सुटायचा. माहूल-तुर्भ्याच्या कोळ्यांना मात्र त्याची आकृती काढावी लागली नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खाऱ्यावर परत यायचं, हे त्यांच्या अंगातच होतं.

आता हेच घड्याळ मुंबईच्या हिवाळ्याला लावून बघा. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जोरात असतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून माघारी फिरतो, वारा पडतो, माती सुकते, थांबलेली खोदकामं पुन्हा सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. त्या झाकणाखाली रस्त्यांचा धूर, बांधकामांची धूळ, भट्ट्या, कचऱ्याच्या शेकोट्या, कारखान्यांची धुराडी, बंदरात उभ्या जहाजांचा आणि ट्रकच्या रांगांचा धूर, सगळं रात्रभर साठत राहतं. मतलई वारा इतका मंद असतो की तो हे वाहून नेत नाही, नुसता इकडून तिकडे सरकवतो. सकाळी सात ते दहा हा सगळ्यात वाईट वेळ, कारण झाकण अजून उघडलेलं नसतं आणि खाली गाड्या सुरू झालेल्या असतात. ऊन वर आलं की झाकण विरतं. दुपारी बारा-एकनंतर खारा वारा लागतो आणि हवा त्यातल्या त्यात मोकळी होते. (रात्री समुद्राकडे सरकलेली घाण खाऱ्याबरोबर थोडी परतही येते, पण तोवर ती बरीच पसरून विरळ झालेली असते.) सूर्य मावळला की पुन्हा तेच.

काही वर्षी खारा वारा उशिरा लागतो किंवा अशक्त असतो. 2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस दिल्लीपेक्षाही खराब होती. गुफ्रान बेग यांनी, म्हणजे पुण्याच्या आयआयटीएमचा (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा) 'सफर' हा हवा मोजणारा प्रकल्प ज्यांनी उभा केला त्यांनी, त्याचा संबंध ला निनामुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार झाल्यामुळे, मंदावलेल्या वाऱ्यांशी जोडला होता.

थोडक्यात, आपल्या या बंदराच्या शहरात हिवाळ्यात पहाट आणि सकाळची हवा सगळ्यात वाईट आणि दुपारची सगळ्यात बरी. तुमच्या घरातलं वेळापत्रक नेमकं याच्या उलट लागलंय. मुलगा सहाला बागेत, सकाळी खिडक्या उघड्या, दुपारी ऊन येतं म्हणून बहुधा बंद.

हे मी मोठ्या अधिकाराने सांगते आहे असं वाटेल, म्हणून माझंही सांगते. आम्ही तेव्हा शिवडीला राहायचो. माझी मुलगी नऊ वर्षांची होती, शाळेच्या धावण्याच्या संघात होती. डिसेंबर-जानेवारीत मी तिला पहाटे साडेपाचला उठवून मैदानावर न्यायची. ती दोन फेऱ्यांनंतर गुडघ्यांवर हात ठेवून थांबायची आणि मी म्हणायची, "अजून एक." आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी दोन वर्षं नुसती खोकल्याची बाटली दिली, दमा हा शब्द उच्चारला नाही. आणि त्याच दिवसांत मी अकराच्या तासाला फळ्यावर मतलई वाऱ्याचे बाण काढत होते. शिकवत होते ते आणि घरात करत होते ते, या दोन्हींचा धागा मी जोडला नाही. हे मला अजून टोचतं. ती आज बरी आहे, धावतेही, पण ती दोन वर्षं तिने उगाच सोसली.

म्हणून तुमच्या सासूबाईंवर रागावू नका. पहाटेची हवा शुद्ध, हे त्यांनी जिथे अनुभवलं असेल तिथे ते खरंच असेल. ज्या गावात कारखाना नाही, हमरस्ता नाही, शेजारी डंपर नाही, तिथे पहाटेइतकं प्रसन्न काही नसतं. नातवासाठी त्या थंडीत सहाला उठतात ही केवढी माया आहे! ती माया मोडू नका, तिची वेळ फक्त बदला. "आई, डॉक्टरांनी चार वाजताचं ऊन सांगितलंय, शाळेतून आला की तुम्हीच न्या त्याला," असं म्हणून बघा. आणि डॉक्टरांनी खरोखर तसं सांगावं म्हणून पुढच्या खेपेला सासूबाईंना बरोबर न्या. सुनेच्या तोंडून जे टोचणी वाटतं तेच डॉक्टरांच्या तोंडून सल्ला वाटतं. आपल्या घरांत हे असंच आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा.

धुपाचंही तसंच. तिन्हीसांजेला वारा पडायला लागतो, बाहेरचं झाकण बसायला लागतं आणि नेमकं तेव्हा दारं लावून आपण आत निखाऱ्यावर गुग्गुळ टाकतो. तो धूर बाहेरच्या धुराहून पवित्र असला, तरी सात वर्षांच्या श्वासनलिकेला त्यातला फरक कळत नाही. समई लावा, फुलं वाहा, शुभंकरोती म्हणा. देवापुढचं काही कमी होत नाही. धूप पाडव्याला, दसऱ्याला, मुलगा घरात नसताना दुपारी खिडक्या उघड्या ठेवून घातला तर चालेल. उदबत्ती आणि कापूर त्याच यादीत धरा. आणि डासांची कॉइल घरात असेल तर आज रात्रीपासून बंद. 2003 साली चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जाळल्यावर निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा.

आता पंप. पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या ओळीची. पंपाची सवय लागते ही समजूत मराठी घरांमधून अजून गेलेली नाही आणि तिच्यापायी मुलं रात्र रात्र बसून काढतात. तुमच्याकडे दोन पंप आहेत म्हणता. बहुतेक एक लगेच श्वास मोकळा करणारा असेल आणि दुसरा आतली सूज उतरवणारा. पहिला त्रास झाला की घ्यायचा. दुसरा त्रास नसतानाही रोज घ्यायचा, कारण त्याचं काम हळूहळू होतं. खोकला थांबला म्हणून तुम्ही जो बंद करता तो बहुधा दुसराच असणार. खोकला थांबला तो त्याच्यामुळेच, आणि परत येतो तोही तो बंद केल्यामुळेच. कुठला पंप कोणता, रोज किती, कधीपर्यंत, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा.

सासूबाईंना एक हिशेब सांगा. श्वास मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉलचं पातळ औषध चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, घेतलं तर त्यात साधारण 2 मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा म्हणजे वीस फवारे. चमच्यातलं औषध पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचतं, म्हणून मुलांचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं सरळ जिथे हवं तिथे जातं. जे औषध इतकं थोडं पुरतं त्याला जास्त घाबरायचं की कमी? स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळी, लावूनच द्या. नाहीतर बरंचसं औषध जिभेवर नि घशातच बसतं. सूज उतरवणाऱ्या पंपानंतर चूळ भरायला लावा.

एक वही करा. केमिस्टकडे पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजायचं साधन, मिळतं. त्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. सात वर्षांच्या मुलाला ते छान जमतं, खेळच वाटतो. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. तो बरा असतानाचा सगळ्यात मोठा आकडा मनात धरा. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असेल तोवर ठीक, 50 ते 80 मध्ये आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाऊल उचलायचं. त्याखाली गेला, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, वाक्य पुरं करताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा श्वास मोकळा करणाऱ्या पंपाचा असर चार तासही टिकेना, तर रात्रीचे दोन असोत की तीन, रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

याच वहीत मी तुमच्याकडून आणखी एक नोंद मागते. खिडकीच्या ग्रिलला जुन्या ओढणीची वीतभर पट्टी बांधा. सकाळी आठला आणि दुपारी तीनला ती कुठल्या दिशेला फडफडते ते लिहा, नुसतीच लोंबत असेल तर तसं लिहा, आणि वास असेल तर कसला तेही. तेल शुद्धीकरणाचे कारखाने, खताचा कारखाना आणि वीजकेंद्र तुमच्या एका अंगाला आहेत, देवनारची कचराभूमी दुसऱ्या. तुमच्या खिडकीला कुठल्या वाऱ्याने काय येतं हे तुमच्याइतकं नीट कुठलंही यंत्र सांगणार नाही. महिनाभरात तुम्हाला खिडकी उघडायची वेळ पाठ होईल. माझा अंदाज, दुपारी एक ते पाच. सकाळी दहापर्यंत आणि दिवेलागणीनंतर बंद. लादी ओल्या फडक्याने पुसा, ग्रिलही. कोरडा केर काढताना मुलगा त्या खोलीत नको.

मोबाईलवर हवेचा निर्देशांक बघत असाल तर एक जपा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर धुळीच्या कणांचा निर्देशांक दिसतो तो गेल्या 24 तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. सकाळी आठचा डोंगर आणि दुपारी तीनची सपाटी एकत्र कालवून 140 असा आकडा येतो आणि खाली लिहिलेलं असतं 'मध्यम'. म्हणून पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा, ताशी आकडा मिळत असेल तर तो बघा. आणि मध्यम या शब्दावर निर्धास्त होऊ नका. 101 ते 200 या गटात दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो असं मंडळाच्याच तक्त्यात म्हटलंय. आपल्याकडे पीएम 2.5 ची दिवसाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये स्वतःची मर्यादा 15 वर आणली.

तुमच्या मिस्टरांचं "तेव्हा याहून वाईट होतं" हे खोटं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणत. तेव्हा गंधकाच्या धुराने डोळे चुरचुरत. तो गंधक बराच कमी झालाय. गाड्यांचं इंधन सुधारलं, जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादाही 1 जानेवारी 2020 पासून जगभर 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली. पण आता त्रास देतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण, आणि ते नाकाला कळत नाहीत. वास गेला म्हणून हवा सुधारली असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. "सगळे राहतात ना" याबद्दल मात्र त्यांना माहूलची गोष्ट सांगा. तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून तिथल्या कुटुंबांना तुमच्या शेजारच्या, तेल कारखान्यांना लागून असलेल्या माहूलच्या इमारतींत पाठवलं. तिथली हवा आरोग्याला धोक्याची असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटलं होतं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पर्यायी घर देता येत नसेल तर या कुटुंबांना दुसरीकडे राहायला महिना 15,000 रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. तीही माणसं तिथे 'राहतच' होती. न्यायालयापर्यंत गेली म्हणून दखल घेतली गेली.

शेजारच्या दोन बांधकामांबद्दल तर तुम्ही आज, या आठवड्यात काही करू शकता. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने नियम काढले. प्लॉटच्या नि इमारतीच्या आकारानुसार 25 किंवा 35 फूट उंच पत्रे, बांधकामाला ओलं हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं, डंपरची चाकं धुऊनच बाहेर काढणं. 2024 च्या डिसेंबरअखेर भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामं पालिकेने हवेच्या कारणावरूनच थांबवली होती, म्हणजे अधिकार आहे आणि तो वापरला जातो. सहाव्या मजल्यावरून तुम्हाला सगळं दिसतंच. फवारे बंद असलेला, कापड फाटलेला, उघडा डंपर निघालेला, असे तारीख-वेळेसह फोटो काढा. 1916 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि तो क्रमांक घालून एम पश्चिम विभाग कार्यालयात सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. पोचेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका. हे काम मिस्टरांकडे सोपवा. ते इथलेच आहेत, सोसायटीत त्यांचा शब्द चालत असेल.

घर विकायचं का? यंदा नको. डोंबिवलीला एमआयडीसी आहे, पनवेलच्या उशाला तळोज्याची एमआयडीसी आहे, दोन्हीकडे बांधकामं चेंबूरइतकीच जोरात. नऊ वर्षांचे हप्ते मोडून तुम्ही हवा बदलली असं समजाल आणि हवा तीच निघेल, वर मिस्टरांचा रोजचा प्रवास. आधी हा एक हिवाळा पंप न चुकवता, वेळा बदलून, धूर बंद करून काढा. एवढं करूनही वहीतले आकडे होळीपर्यंत खालीच राहिले, तर मग त्याच वहीच्या जोरावर घरात बोला. आणि जायचंच ठरलं तर जानेवारीत महिनाभर तिथे भाड्याने राहून बघा, मे महिन्यात नव्हे.

प्युरिफायर परवडत असेल तर मुलगा झोपतो त्या एका खोलीपुरता घ्या. हेपा फिल्टरचा (तो बारीक कण अडवतो), खोलीच्या आकाराला पुरणारा, ओझोन सोडणारा नको. दार-खिडकी बंद ठेवून रात्री चालवा. हप्ते ओढून घ्यावा इतका तो गरजेचा नाही. आधी धूप-कॉइल बंद, मग तो. मास्क लावायचा तर एन-95, तोंडाला घट्ट बसणारा. कापडी मास्कने बारीक कण अडत नाहीत. फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

राहिलं क्रिकेट. जरूर पाठवा, दमा आहे म्हणून त्याला कठड्यावर बसवू नका. पण साडेसहाची बॅच नको. प्रशिक्षकांना भेटून दुपारची बॅच मागा, साडेतीन-चारची. नसेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत फक्त शनिवार-रविवार दुपारी त्याच्या बाबांना गोलंदाजी टाकू द्या. खेळायच्या आधी पंप घ्यावा का आणि किती, हे डॉक्टरांकडून त्याच फ्रीजवरच्या कागदावर लिहून घ्या. पंप आणि स्पेसर त्याच्या क्रिकेटच्या बॅगेत, पॅडच्या शेजारी ठेवा आणि तो कुठे आहे हे प्रशिक्षकांना दाखवून ठेवा. आजीलाही मैदानावर न्या. चारच्या उन्हात, खारा वारा लागलेला असताना, नातवाला धावताना बघू द्या.